परिशिष्टातला सहकारी: संशोधन संस्थेत अनेक विषयांचा प्रकल्प खरोखर एकत्र कसा करावा

आपल्याकडच्या उत्खनन अहवालांची मांडणी ठरलेली असते. आधी स्तर, मग घरं, मग खापरं, मणी, अवजारं. अगदी शेवटी परिशिष्टं: प्राण्यांची हाडं, धान्याचे जळके दाणे, कार्बन-14 च्या (म्हणजे कोळशा-दाण्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेल्या) तारखा. मुख्य मजकूर लिहिणाऱ्याने ही परिशिष्टं वाचली आहेत, असं मजकुरावरून क्वचितच जाणवतं. परिशिष्ट लिहिणाऱ्याने बहुधा साइट पाहिलेली नसते, त्याच्या हाती कुरियरने आलेली पिशवी असते. अनुदानाच्या अर्जात मात्र या सगळ्याला 'आंतरविद्याशाखीय संशोधन' म्हटलेलं असतं.

हे टाळून काम कसं करता येईल, याची ही पायरीपायरीने मांडणी आहे. उदाहरणं पुरातत्त्वाची आहेत, कारण या विषयाला वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान, मानवशास्त्र, भौतिकशास्त्र यांच्यावाचून पाऊलही टाकता येत नाही. तुमचा विषय सार्वजनिक आरोग्य असो की नदीखोऱ्याचं पाणी, नमुन्यांच्या जागी सर्वेक्षणाचे तक्ते घाला, बाकीचं बहुतेक लागू पडेल. माझं म्हणणं एकच आहे: सहकाऱ्याला उत्तर मागायला बोलावू नका, प्रश्न ठरवायला बोलावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

आधी एक नमुना: इनामगाव

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ही रीत जुनी आहे. 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा सुरू झालं, तेव्हा ह. धी. सांकलिया पुरातत्त्वाला आणि इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्राला, अशी माणसं एकाच आवारात आली. 1940 च्या दशकात दोघांनी गुजरातेत लांघणजला एकत्र काम केलं. जमिनीतून माणसांचे सांगाडे निघाले, तेव्हा ते वाचू शकणारी व्यक्ती शेजारीच होती.

याचं मोठं रूप म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. 1968 ते 1983 या काळात तिथे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. ताम्रपाषाणयुगातलं शेतकऱ्यांचं गाव, साधारण इ.स.पू. 1600 ते 700. त्याचे तीन कालखंड, त्या त्या संस्कृतीच्या नावाचे: माळवा, पूर्व (म्हणजे आधीचा) जोर्वे आणि उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे. पूर्व जोर्वे काळात मोठी चौकोनी घरं, पाण्याचा पाट, बांध. उत्तर जोर्वे काळात लहान, गोल झोपड्या. गावाची परिस्थिती खालावली, एवढं नुसत्या घरांवरून कळत होतं. का खालावली, हे घरांवरून कळणार नव्हतं.

मग धान्याचे दाणे एम. डी. काजळ्यांनी पाहिले, हाडं पी. के. थॉमस यांनी, मानवी सांगाडे आणि दात जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी. अहवाल 1988 मध्ये आला. पाऊस कमी झाला, शेती आटली आणि लोक पशुपालनाकडे, अर्धभटक्या जगण्याकडे वळले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. ती पटो न पटो, एका विषयाच्या बळावर ती उभीच राहिली नसती.

एक दफन पाहण्यासारखं आहे. पाच दालनांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, मातीचा मोठा रांजण सापडला आणि त्यात बसलेल्या स्थितीत एक प्रौढ पुरुष. इनामगावात पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत, याचे मात्र शाबूत होते. रांजण वेगळा आहे, हे खापरांचा जाणकार सांगेल. व्यक्ती प्रौढ आहे, पुरुष आहे, पावलांची हाडं जागेवर आहेत, हे सांगायला हाडांचा जाणकार हवा. घर मोठं होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार होतं, हे ट्रेंचवाल्याच्या, म्हणजे खणलेल्या चरावर देखरेख करणाऱ्याच्या, वहीत. हे तिन्ही एका पानावर आले, तेव्हाच 'गावाचा प्रमुख' हा शब्द उच्चारता आला.

पायरी 1: प्रश्न असा लिहा की एका विषयाला तो पेलणार नाही

'अमुक स्थळाचा आंतरविद्याशाखीय अभ्यास' हा प्रश्न होत नाही. प्रश्नचिन्ह लागतं, तो प्रश्न. उदाहरणार्थ: उत्तर जोर्वे काळात लोक वर्षभर गावात राहत होते, की काही महिने गुरं-शेळ्या घेऊन बाहेर पडत होते?

प्रश्न लिहिला की एकेक विषय पेन्सिलीने खोडून पाहा. तो काढूनही उत्तर येत असेल, तर त्या सहकाऱ्याला नाहक गुंतवू नका. वरच्या प्रश्नात घरांच्या जमिनी किती वेळा सारवल्या हे पुरातत्त्व सांगतं. जनावरं कोणत्या वयात मारली हे दातांच्या झिजेवरून कळतं. कुठल्या हंगामाची पिकं साठवली होती हे दाण्यांवरून. यातलं काहीही खोडलं की उत्तर लंगडं होतं. म्हणजे प्रश्न बरा आहे.

दुसरी चाचणी जास्त कडक: प्रत्येक विषयाला काय सांगता *येणार नाही*, हे त्या विषयाच्या माणसाकडूनच लिहून घ्या. वरच्या प्रश्नावर कुणीतरी उत्साहाने स्ट्रॉन्शियम सुचवणारच. दातांच्या एनॅमलमध्ये लहानपणीच्या अन्नपाण्यातलं स्ट्रॉन्शियम टिकून राहतं आणि त्याच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून जनावर कुठल्या खडकाच्या प्रदेशात चरलं ते ओळखता येतं. पद्धत उत्तम. पण घोड नदीच्या आसपास शेकडो किलोमीटर बेसाल्टच आहे. शेळ्या शंभर किलोमीटर चरून आल्या, तरी खडक तोच राहणार आणि आकड्यात फरक दिसणार नाही. भूविज्ञानाचा शिक्षक हे चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सांगतो. त्याला न विचारता अर्ज केला, तर हेच कळायला दोन वर्षं आणि काही लाख रुपये लागतात. तोच माणूस पुढे म्हणेल, की ऑक्सिजनची समस्थानिकं दाताच्या उंचीवर थराथराने मोजा, त्यात पावसाळा-उन्हाळा दिसतो. अर्धा प्रकल्प इथेच सुधारतो.

तारखांचंही तसंच. साधारण इ.स.पू. 800 ते 400 या पट्ट्यात कार्बन-14 चा कॅलिब्रेशन वक्र (मोजलेल्या आकड्याचं खऱ्या वर्षांत रूपांतर, म्हणजे अंशांकन, ज्यावरून होतं तो आलेख) जवळजवळ सपाट आहे. त्या काळातला नमुना कितीही नेमका मोजला, तरी अंशांकनानंतर तारीख शेकडो वर्षांत पसरते. उत्तर जोर्वेची अखेर नेमकी या पट्ट्यात येते. 'गाव कोणत्या दशकात ओस पडलं' असं अर्जात लिहिणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं.

पायरी 2: माणूस शोधा, प्रयोगशाळा नको

आधी आपलंच आवार. शेजारच्या विभागाचे प्रबंध ग्रंथालयात असतात, ते चाळा. त्यांच्या चर्चासत्रात मागच्या बाकावर बसा. मग शहर: पुण्यात असाल तर आघारकर संशोधन संस्था, आयसर ही विज्ञान संस्था, विद्यापीठाचे भूगोल, भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र विभाग. त्यानंतर देश. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये कार्बन-14 मोजण्याची सोय आहे. लखनौची बिरबल साहनी संस्था परागकण आणि प्राचीन वनस्पतींसाठी पूर्वीपासून नावाजलेली.

पहिला मेल अर्ध्या पानाचा ठेवा. प्रश्न काय आहे, हातात कोणता माल आहे (किती नमुने, कुठल्या स्तरातले, कसे साठवलेले), आणि समोरच्याच्या विषयात यातून नवं काय निघू शकतं. शेवटचा मुद्दा बहुतेकजण विसरतात. परागकणवाल्याला तुमच्या गावाच्या इतिहासात रस असेलही, पण त्याच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विषयाच्या नियतकालिकात निबंध छापायचा आहे. त्यांचा प्रश्न तुमच्या प्रकल्पात बसत नसेल, तर ते काम पैसे देऊन करून घेण्याची सेवा आहे. सेवेला काहीच हरकत नाही, फक्त तिला सहकार्य म्हणू नका आणि बिल वेळेवर द्या.

'मोठ्या' नावामागे धावू नका, हा माझा पक्का आग्रह. नाव अर्जावर शोभतं, पण साइटवर येतो तो नुकताच रुजू झालेला सहायक प्राध्यापक, आणि प्रकल्प तोच तारतो.

पायरी 3: पहिली बैठक कुदळ पडायच्या आधी

शक्य असेल तर साइटवरच, नाहीतर निदान नकाशा आणि जुन्या खापरांचा ट्रे समोर ठेवून. बैठकीत प्रत्येकाला हेच विचारा:

- कमीत कमी किती नमुना लागतो आणि मोजताना तो नष्ट होतो का?
- कशाने बिघडतो?
- निकाल यायला किती दिवस लागतात?
- नमुना फसला तर ते कळतं कसं?

शेवटच्या प्रश्नावर थांबा. आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन (एक प्रथिन) आणि डीएनए फार वाईट टिकतात. हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतल्या साठहून अधिक नमुन्यांची चाचणी झाली, त्यातून अभ्यासाला पुरेसा डीएनए एकाच व्यक्तीचा मिळाला. 2019 चा तो गाजलेला शोधनिबंध त्या एका स्त्रीच्या जनुकांवर आधारलेला आहे. म्हणून मोठी यादी करण्याआधी चार-पाच नमुन्यांची चाचणी ठेवा आणि ती फसली तर काय करायचं, ते तिथेच ठरवा.

याच बैठकीत शब्दांचं एक पान तयार होऊ द्या. कार्बन-14 वाला 'बीपी' म्हणतो तेव्हा तो 1950 पासून मागे मोजत असतो, तुम्ही इ.स.पू. मध्ये विचार करत असता. 'नमुना' म्हणजे भूविज्ञानवाल्याला मातीची पिशवी, संख्याशास्त्रवाल्याला निवडलेला गट. 'महत्त्वपूर्ण फरक' हे शब्द तर संख्याशास्त्रवाल्यासमोर जपूनच वापरा, त्याच्यासाठी त्यांना ठरावीक चाचणीचा अर्थ आहे. पान भिंतीला लावा आणि पुढे चला.

पायरी 4: नमुना घेण्याचा दिवस

सहकार्य टिकतं की मोडतं ते इथे. कारण एकाच खड्ड्यातून चौघांना चार गोष्टी हव्या असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या आड येतात.

कोळसा: हाताने उचलू नका. स्वच्छ चिमटा किंवा करणी वापरा, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, कापूस किंवा कागद जवळ आणू नका. पर्याय असेल तर खांबाच्या जाड लाकडाऐवजी जळका दाणा निवडा. दाणा एका हंगामाचा असतो. खांब मात्र घरापेक्षा कितीतरी जुन्या झाडाचा असू शकतो, आणि तारीख झाडाची येते, घराची नाही.

माती, प्रकाशकालमापनासाठी (वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजण्यासाठी): ट्रेंचच्या भिंतीत पोलादी नळी ठोकून, दोन्ही तोंडं तिथल्या तिथे बंद करून काळ्या पिशवीत. मोजायच्या वाळूच्या कणांना ऊन लागलं की घड्याळ शून्यावर येतं आणि नमुना बाद. 'फोटोसाठी जरा पुन्हा काढा' हे इथे चालत नाही.

प्राचीन डीएनए: हातमोजे, मास्क, केस झाकलेले. हाड धुवायचं नाही, ब्रशने घासायचं नाही, वाकून बघत वर बोलायचंही नाही. कवटीतलं, आतल्या कानाभोवतीचं टणक हाड डीएनएसाठी सर्वांत उपयोगी. सांगाडा उघडा पडल्यावर माणसं गोळा होतात, म्हणून डीएनएचा नमुना गर्दी जमायच्या आधी घ्या.

खापरांतले चरबीचे अंश: इथे थेट संघर्ष आहे. प्रत्येक कॅम्पवर दुपारी खापरं बादलीत टाकून ब्रशने घासून उन्हात वाळत घालतात, आणि तेच बरोबर आहे, नाहीतर वर्गवारी होणार नाही. पण भांड्यात काय शिजलं हे शोधणाऱ्याला न धुतलेली, कमीत कमी हाताळलेली खापरं हवीत, आणि तीही फॉइलमध्ये, कारण प्लॅस्टिकमधली रसायनं चरबीच्या अंशांत मिसळतात. तोडगा साधा आहे. ट्रेंचमध्येच लाल सुतळीची एक वेगळी पिशवी ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या स्तरातली काही खापरं, शक्यतो तोंडाजवळची, थेट तिच्यात जाऊ द्या. पॉटरी यार्डवरच्या (खापरं धुऊन मांडायच्या जागेवरच्या) माणसाला स्पष्ट सांगून ठेवा की लाल सुतळी दिसली तर बादलीजवळ न्यायची नाही.

दाणे: प्रत्येक स्तरातून लिटरमध्ये मोजून माती घ्या आणि पाण्यात सोडा. जळके दाणे तरंगतात, ते बारीक जाळीवर गोळा होतात. किती माती घेतली हे लिहिलेलं नसेल, तर 'या थरात जव जास्त' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. उन्हात वाळवू नका, दाणे तडकतात. सावलीत वाळवा.

इथे गावातल्या माणसांना विसरू नका. चाळणीवर बसणाऱ्या बायकांना हरभरा, मसूर, वाटाणा आपल्यापेक्षा लवकर ओळखता येतात, तणाचं बी तर हमखास. त्यांना काय शोधतोय ते नीट सांगितलं की माल दुप्पट काळजीने निघतो. आणि आभार मानताना अहवालात त्यांची नावं लिहा, 'स्थानिक मजूर' नव्हे.

चिठ्ठीचं एक सांगतो, मग पुढे जाऊ. साइट, ट्रेंच, स्तर, खोली, तारीख, घेणाऱ्याची सही, आणि सगळ्या विषयांसाठी *एकच* क्रमांकमालिका. वनस्पतिवाल्याची वेगळी, हाडवाल्याची वेगळी मालिका सुरू झाली, की सहा महिन्यांनी जुळवाजुळव करणारा विद्यार्थी वेडा होतो. पिशवीत एक चिठ्ठी आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने. बॉलपेन आणि मार्कर दोन्ही ओलीत उडतात.

पायरी 5: कागदपत्रं

परवाने शेवटी आठवतात, म्हणून ते सुरुवातीला एका फायलीत घाला. उत्खननाचा परवाना केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा. नमुने परदेशी प्रयोगशाळेत जाणार असतील, तर त्यासाठी वेगळी लेखी परवानगी, आणि ती कुणाच्या नावावर काढायची ते आधी ठरवा. आजच्या माणसांचे नमुने किंवा मुलाखती असतील, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी *दोन्ही* संस्थांतून घ्या, एकीची दुसरीला चालतेच असं नाही. स्थळ ज्यांच्या शेतात आहे त्यांच्याशी बोलणं हा कागद नाही, पण ते झालं नसेल तर बाकीचे कागद निरुपयोगी.

पैशाचं थोडक्यात. प्रत्येक सहकारी संस्थेचा वाटा अर्जात वेगळा दाखवा. 'नंतर पाठवू' असं ठरवलेले पैसे कधी जात नाहीत, कारण संस्थेच्या लेखा विभागाला त्यासाठी शीर्षक (खर्चाचं खातं) सापडत नाही. उपकरणं आणि उपभोग्य वस्तू वेगवेगळ्या शीर्षकांत असतात, फॉइल आणि डबे उपभोग्य वस्तूंत. चाचणीत फसणाऱ्या नमुन्यांचा खर्चही धरा. 31 मार्चला युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे खर्च झाले याचा दाखला) द्यायचं असतं, आणि प्रयोगशाळेचं बिल तर मे महिन्यात येतं. प्रयोगशाळेशी बोलून बिलाचा महिना आधी ठरवून घ्या.

पायरी 6: दोन पानी करार

वकील नको, दोन पानं आणि सगळ्यांच्या सह्या पुरेत. मैत्री आहे, मग लिहायचं कशाला, असं म्हणणारा प्रत्येक गटात असतो. मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचं.

*लेखकांचा क्रम.* मानव्यविद्यांत एकट्याने लिहिण्याची परंपरा आहे. प्रयोगशाळांत पंधरा नावं नेहमीची, आणि शेवटचं नाव बहुधा प्रमुखाचं. पुरातत्त्ववाल्याला शेवटचं नाव अपमान वाटतो, जनुकशास्त्रवाल्याला मान. शिवाय यात पगाराचा प्रश्न आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर दोघांना प्रत्येकी 70 टक्के गुण मिळतात. त्याहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. म्हणजे आंतरविद्याशाखीय कामाचं कौतुक करणारी यंत्रणाच ते करणाऱ्याचे गुण कापते. यावर इलाज एवढाच, की प्रकल्पातून निघणाऱ्या निबंधांची यादी आधी करा आणि पहिलं नाव आळीपाळीने द्या: मुख्य निबंध, पद्धतीचा निबंध, हाडांचा, दाण्यांचा.

*माहिती.* कच्चे आकडे कुणाकडे राहतील, कधी खुले होतील, आणि कुणी संस्था सोडली तर काय नेता येईल.

*वर्तमानपत्रं.* हे कलम हसण्यावारी नेऊ नका. सप्टेंबर 2019 मध्ये राखीगढीचा निबंध आणि दक्षिण आशियातल्या प्राचीन जनुकांवरचा दुसरा मोठा निबंध साधारण एकाच वेळी आले, दोन्हींत काही लेखक समान. त्यावरून आपल्याकडे मथळे मात्र एकमेकांविरुद्ध लागले. निकालाचा अर्थ प्रसारमाध्यमांना कोण सांगणार, कोणत्या शब्दांत आणि मतभेद असतील तर ते कसे मांडणार, एवढं लिहिलेलं असू द्या.

पायरी 7: विद्यार्थी मध्ये अडकू नये

सगळ्यात जास्त झळ लागते ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला. पुरातत्त्वाचे परीक्षक म्हणतात, 'यात रसायनशास्त्रच फार आहे.' रसायनशास्त्रवाले म्हणतात, 'यात नवं रसायन कुठंय?' धड ना इकडचा, ना तिकडचा.

यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत अशा कामासाठी विभागाबाहेरचा, दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक नेमण्याची सोय आहे. ती वापरा, आणि नोंदणीच्या वेळीच. संशोधन सल्लागार समितीत दोन्ही विषयांची माणसं घ्या. प्रबंधाचं मुख्य घर कोणतं, हे पहिल्या वर्षातच एका वाक्यात लिहून समितीकडून मान्य करून घ्या, परीक्षकांची यादी त्या वाक्यावरून ठरते. प्रयोगशाळेतले महिने हे 'मदत' म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून नोंदवा. आणि विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शकांत निरोप्या बनवू नका. दोघांनी महिन्यातून एकदा एकमेकांशी थेट बोलावं.

पायरी 8: पुरावे भांडतील तेव्हा

तारीख खापरांशी जुळत नाही. दाणे शेती सांगतात, हाडं भटकेपण. असं होणारच, किंबहुना होत नसेल तर कुणीतरी दुसऱ्याच्या निकालाकडे बघून आपला वळवतोय अशी शंका घ्या. निकाल एकमेकांना दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला लिहून, तारीख टाकून जमा करावा. विचित्र वाटतं, पण फार उपयोगी पडतं.

मग क्रमाने तपासा. पहिल्यांदा ट्रेंचची वही: उंदराचं बीळ, नंतरचा खड्डा, पुराचा थर? बऱ्याच 'चुकीच्या' तारखा बिळात सापडतात. नंतर नमुना: कशात गुंडाळला, किती दिवस कुठे पडून होता? त्यानंतर प्रयोगशाळा, आणि जमलं तर दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा. एवढं करूनही भांडण उरलं, तर ते तसंच छापा, दोन्ही बाजू आपापल्या शब्दांत. बहुमताने मधली तारीख काढू नका.

पायरी 9: लिहिताना परिशिष्ट नको

प्रकरणं विषयावर नका पाडू, प्रश्नांवर पाडा. 'प्राण्यांची हाडं' असं प्रकरण केलं की ते एकटं पडतं. 'वर्षातले कोणते महिने गावात?' असं केलं की त्यात हाडं, दाणे, जमिनी, दातांचे थर एकत्र येतात आणि लेखकांना एकमेकांचं वाचावंच लागतं. तांत्रिक तक्ते मागे गेले तरी चालतील, अर्थ पुढे हवा.

छापायला देण्याआधी उलटतपासणीची बैठक घ्या. प्रयोगशाळेचा आलेख पुरातत्त्ववाल्याने समजावून सांगायचा, स्तरांचं रेखाचित्र रसायनशास्त्रवाल्याने. जिथे तो अडखळतो, तिथला परिच्छेद पुन्हा लिहायचा. पहिल्या बैठकीत हशा होतो, दुसऱ्यांदा सगळे तयारी करून येतात.

पायरी 10: साठवण

इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुढे नव्याने अभ्यास केला आणि पाऊस कमी झाला म्हणून गाव बदललं, या सरळ मांडणीवर प्रश्न उभे केले. उत्खनन संपून अनेक वर्षं झाली होती. ते शक्य झालं, कारण हाडं टिकवलेली होती आणि कोणतं हाड कोणत्या स्तरातलं हे कळत होतं. डेक्कन कॉलेजातच 1948 मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलेल्या संस्कृत महाकोशाचंही तसंच आहे. साधारण 1500 ग्रंथ, 62 विद्याशाखा आणि एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या. वैद्यकापासून व्याकरणापर्यंतचे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या त्यावर काम करू शकतात, कारण प्रत्येक चिठ्ठी एकाच पद्धतीने लिहिलेली आणि तिच्यावर ग्रंथाचा संदर्भ आहे.

तेव्हा प्रकल्प बंद करताना: मूळ नोंदवही आणि स्कॅन दोन्ही ठेवा. आकड्यांचे तक्ते साध्या, कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या स्वरूपात, आणि सोबत रकान्यांचा अर्थ सांगणारं एक पान. प्रयोगशाळांत उरलेले नमुने पत्र पाठवून परत मागवा, आणि 'संपला' असेल तर तसं लेखी घ्या. माल कुणाच्या ताब्यात हे पदाने लिहा, नावाने नको, माणसं निवृत्त होतात. आणि मातीच्या पिशव्या कुठल्या फडताळावर जाणार, ते भांडारपालाला विचारून उत्खननाआधीच ठरवा. सगळ्यात खालचं फडताळ घेऊ नका. पावसाळ्यात तिथे ओल येते आणि कापडी पिशव्यांना बुरशी धरते.